धुऱ्यावरचा व्हिसा

परदेशी वकिलातीच्या माणसांना व्हिसा द्यायचा की नाही, हे ठरवायची पाळी तुमच्यावर कधी येईल सांगता येत नाही. आमच्या गावात तर रेशनकार्डावर सुनेचं नाव चढवता न आलेला माणूसही पारावर बसून परराष्ट्र धोरण ठरवतो. तेव्हा तयारी असलेली बरी.

संबंध बिघडले म्हणून व्हिसा नाकारू मात्र नका. नाकारला की बातमी होते. अर्ज पडून राहिला तर तो नुसताच पडलेला असतो. 'विचाराधीन आहे' म्हणायचं आणि आधी कापूस निघेपर्यंत, मग तूर निघेपर्यंत थांबवायचं. फेरफारासाठी चपला झिजवलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. आलेल्याला घालवायचं तर त्याहून सोपं. १९६१ च्या व्हिएन्ना कराराचं कलम ९ म्हणतं, एखादा राजनैतिक अधिकारी 'नकोसा' ठरवताना कारण द्यायची गरज नाही. आमच्याकडे लग्नाची पत्रिका न देऊन हेच साधतात. त्यासाठी कोणी व्हिएन्नाला गेलेलं नाही.

जपायचं ते मोजमापाला. आहेराची वही काढून बसा. २०१८ मध्ये ब्रिटनमध्ये एका माजी रशियन हेरावर झालेल्या विषप्रयोगाच्या प्रकरणात ब्रिटनने २३ रशियन काढले, रशियाने २३ ब्रिटिश काढले. अमेरिकेने ६० काढून सिएटलचं रशियन कार्यालय बंद केलं. रशियाने ६० काढून सेंट पीटर्सबर्गचं अमेरिकन. लुगड्याला लुगडं, टोपीला टोपी. आपणही मागे नाही. भारत-पाकिस्तानच्या वकिलातींची मंजूर माणसं २०२० मध्ये ११० वरून ५५ वर आली आणि एप्रिल २०२५ मध्ये ३० वर आणायचं ठरलं.

आता खरं कसब. राजदूताला फार छेडू नका, त्याचा फोटो छापून येतो. अर्ज अडवावा तो दुभाष्याचा, स्वयंपाक्याचा, नळ-विजेचं बघणाऱ्याचा. २०१७ मध्ये रशियाने अमेरिकेला रशियातल्या तिच्या वकिलातींतली माणसं ४५५ वर आणायला लावली, त्यात बहुतेक नोकऱ्या रशियन लोकांच्याच गेल्या. मग अमेरिकेने व्हिसाच्या मुलाखती मॉस्कोपुरत्याच ठेवल्या. रशियाच्या पार पूर्वेकडच्या व्लादिवोस्तोकच्या माणसाने काय गुन्हा केला होता, हे विचारू नये. विचारणाऱ्याला मुत्सद्दी म्हणत नाहीत.

मी हे शिकलो ते घरी. मोठ्या बाबांनी, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाने, नांगरताना आमचा धुरा, म्हणजे बांध, कोरला, दोन तासं आत घेतली. आमच्या बाबांनी त्यांच्या सालदाराला आमच्या वावरातून जायची बंदी केली. तिसऱ्या दिवशी मोठ्या बाबांनी आमच्या सालदाराला त्यांच्या विहिरीवर बंदी केली. दोघे मालक संध्याकाळी एकाच टपरीवर, एकाच बाकड्यावर चहा प्यायचे. बोलायचे नाहीत, पण पैसे आलटूनपालटून द्यायचे. त्यातही बरोबरी. इकडे मोठ्या बाबांचा सालदार खांद्यावर डवरा घेऊन, बैल पुढे घालून नाल्याकडून फेरा मारायचा. श्रावणातली काळी माती. एक पाय काढावा तर दुसरा पोटरीपर्यंत आत. आमचा सालदार पिण्याच्या पाण्याचे डबे सायकलला लावून गावातून आणायचा. दोघे एकमेकांचे साडभाऊ. दुपारी त्याच भांडणाच्या धुऱ्यावर शिदोरी सोडायचे, एकाची भाकर, दुसऱ्याचा ठेचा. बाबांना हे दिसायचं. ते दुसरीकडे बघायचे. वाटाघाटीत एवढी मोकळीक ठेवावी लागते.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणीला मोठ्या बाबांचा सालदार आमच्या ओट्याखाली येऊन उभा राहिला. गुडघ्यापर्यंत चिखल वाळलेला.

"भाऊ, उद्या तोरणाले बैल न्याचे हायेत. नाल्याले पूर हाय. वावरातून जाऊ का?"

बाबांनी तळहातावरचा तंबाखू सावकाश चोळला.

"तुह्या मालकाले सांग, पह्यले धुरा सरकवा म्हना."

"ते म्हनतात, पह्यले वाट सोडा म्हना."

"मंग पाहू."

"कवा, भाऊ?"

बाबांनी तंबाखू तोंडात टाकला, आणि तोंड भरलेलं असल्यामुळे पुढे त्यांना बोलता आलं नाही.