‘फक्त ५ टक्के’ म्हणजे कशाचे ५ टक्के?

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा फाशांवर चालणारा भूमिका-खेळ खेळणाऱ्यांत एक सल्ला कायम फिरत असतो: “स्ट्रेंथ १६ झाली की थांबा. १८ केली तरी हल्ल्याच्या रोलला +१ मिळतो, म्हणजे फक्त ५ टक्के. पुढे प्रॉफिशियन्सी सगळं भरून काढते. आणि हातघाईला स्ट्रेंथ, लांबून मारायला डेक्स्टेरिटी, एवढंच लक्षात ठेवा.” अर्धं खरं आहे, म्हणूनच पटकन पटतं. (स्ट्रेंथ म्हणजे पात्राच्या ताकदीचा आकडा, डेक्स्टेरिटी चपळाईचा, प्रॉफिशियन्सी म्हणजे सरावाचा बोनस आणि रोल म्हणजे फासा टाकणं.) पुढचा हिशेब २०१४ च्या पाचव्या आवृत्तीचा.

वीस पैलूंच्या फाशाचा एक पैलू म्हणजे ५ टक्के, कबूल. पण चौथ्या लेव्हलचा फायटर घ्या, समोर एसी १५ चा गॉब्लिन (एसी म्हणजे बचावाचा आकडा; फासा आणि बोनस मिळून तेवढे झाले की वार लागतो). स्ट्रेंथ १६ म्हणजे मॉडिफायर (त्या आकड्यावरून मिळणारी भर) +३, त्यात प्रॉफिशियन्सी +२, एकूण +५. फाशावर १० किंवा जास्त हवेत. वीसपैकी ११ आकडे कामाचे. १८ ला ते १२ होतात. ११ चे १२, म्हणजे लागणारे वार ९ टक्क्यांनी वाढले. शिवाय तोच मॉडिफायर डॅमेजमध्येही मिळवायचा असतो, हे सल्ला देणारे हटकून विसरतात. एका हातातल्या लाँगस्वर्डचं सरासरी डॅमेज ७.५ वरून ८.५ वर जातं. क्रिटिकल (फाशावर २० आला की डॅमेजचे फासे दुप्पट) धरून दर हल्ल्यामागे हिशेब केला तर ४.३५ चे ५.३३ होतात. वाढ २२ टक्के!

“त्यापेक्षा ग्रेट वेपन मास्टर घ्या” असं उत्तर येतं (हे स्ट्रेंथ वाढवण्याऐवजी घेता येणारं एक खास कौशल्य). घ्या की, त्या +१० डॅमेजचा मोह मलाही होतो. पण तो रोलमधून ५ कापतो. याच गॉब्लिनवर १६ वाल्याला वीसपैकी ६ आकडे उरतात, १८ वाल्याला ७. संधी कमी झाली की तोच +१ जास्त मोलाचा ठरतो.

वाया जातं ते १६ चं १७ करणं. मॉडिफायर काढताना आकड्यातून दहा वजा करून निम्मे करायचे आणि अर्धा सोडून द्यायचा, त्यामुळे दोन्हींचा मॉडिफायर +३ च. (१९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत कोष्टक वेगळं होतं, तिथे १६ ला रोलमध्ये काहीच मिळत नसे आणि १७ ला +१ मिळे. जुन्या खेळाडूंचा गोंधळ बहुधा तिथलाच.)

प्रॉफिशियन्सी +२ ची +६ होते खरी, पण ती लेव्हलनुसार सगळ्यांचीच वाढते, खंजीर घेतलेल्या विझर्डचीसुद्धा. आणि समोरच्याचा एसीही वाढतच जातो. टरास्क या महाकाय राक्षसाचा एसी २५. विसाव्या लेव्हलला स्ट्रेंथ १६ वाल्याला वीसपैकी ५ आकडे, २० वाल्याला ७. काय भरून निघालं?

राहिलं शेवटचं, हातघाईला स्ट्रेंथ आणि लांबून डेक्स्टेरिटी. रेपियर, शॉर्टस्वर्ड, खंजीर ही फिनेसची हत्यारं. त्यांना दोन्हींपैकी कुठलाही मॉडिफायर चालतो, फक्त रोल आणि डॅमेज दोन्हींना तोच धरायचा. जॅव्हलिन मात्र लांबून फेकला तरी स्ट्रेंथच. डेक्स्टेरिटी १८ आणि स्ट्रेंथ ८ असलेला आमचा ‘रोग’ (चोरट्या चालीचं पात्र) शीटवर जॅव्हलिनपुढे +६ लिहून बसला होता. खरा आकडा +१.