शक्तिमानचा थर्मोस्टॅट काढून फेकू नका

सोलापुरात जुन्या मिलिटरी गाड्यांवर टँकर बसवलेल्यांच्या मोबाइलवर एक मेसेज फिरतोय. मला या महिन्यात तो चौथ्यांदा आला. म्हणणं असं: मिलिटरीच्या डिझेल गाडीला मेंटेनन्स लागत नाही, थर्मोस्टॅट (इंजिनातलं पाणी गरम झालं की रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) काढला की गाडी तापत नाही, रेडिएटरला बोअरचं पाणी चालतं, डिझेलात थोडं रॉकेल घातलं की पंप साफ राहतो, फोर व्हील (चारही चाकांना ताकद देणारा गिअर) कायम लावून ठेवावी, काळा धूर म्हणजे इंजिनात दम. आमच्या दारात शक्तिमान, म्हणजे फौजेचा जुना ट्रक, उभी आहे. यातल्या दोन सल्ल्यांची किंमत आम्ही मोजली आहे, म्हणून कळकळीने लिहितोय.

मेंटेनन्स लागत नाही हे साफ खोटं. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर जबलपूरला 1959 पासून शक्तिमान बनू लागली, 1996 मध्ये बंद झाली. म्हणजे सगळ्यात तरुण गाडीसुद्धा आता तिशीची. फौजेत ती टिकली, कारण ड्रायव्हर रोज ऑइल, पाणी, हवा, पट्टा बघायचा आणि मागे ईएमईचं, म्हणजे फौजेच्या दुरुस्ती शाखेचं, वर्कशॉप असायचं. लिलावातून गाडी आपल्याकडे आली, ती शिस्त तिकडेच राहिली.

आता थर्मोस्टॅट. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात, पारा 43 वर असताना, तुळजापूरच्या घाटात आमची गाडी उकळली. मिस्त्रींनी थर्मोस्टॅट काढला. आठ दिवसांनी त्याच वळणावर गाडी पुन्हा उकळली. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी, वाट बंद करतो. तो काढला की ती वाट उघडीच राहते आणि बरंच गरम पाणी रेडिएटरला न जाता परत इंजिनात फिरतं. उलट गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, जानेवारीच्या पहाटे, इंजिन लवकर गरमच होत नाही. अर्धवट जळलेलं डिझेल लायनरवरून (पिस्टन फिरतो त्या नळीवरून) उतरून ऑइलमध्ये मिसळतं. थर्मोस्टॅट खराब आहे असं वाटतं ना? पातेल्यात पाणी घ्या, त्याला दोऱ्याने बांधून मधोमध लटकवा, तळाला टेकू देऊ नका, आणि गॅस लावा. साधारण 80 अंशांच्या पुढे त्याची तबकडी हळूहळू वर उचलली जाताना डोळ्यांना दिसते. नाही उचलली तर नवा घाला.

आमचा खरा चोर रेडिएटरमध्ये निघाला. वरची टाकी उघडली तर नळ्यांच्या तोंडाशी पांढरा थर, अंघोळीच्या बंबात बसतो तसाच. निम्म्या नळ्यांतून तारसुद्धा जाईना. बोअरच्या जड पाण्यातले क्षार गरम इंजिनात खाली बसतात, त्याचा हा थर. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर, त्यामुळे साधं पाणी उघड्यावर शंभराच्या आतच उकळतं. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं घातलं तर उकळी 105 च्या पुढे जाते, गंजही धरत नाही. झाकणाचं रबर कडक झालं असेल तर झाकणही बदला. दाब धरला नाही तर उकळी पुन्हा खाली येते. रेडिएटरच्या जाळीत काळी माती आणि उसाचं पाचट अडकतं, ते इंजिनाच्या बाजूने पाणी मारून बाहेर काढा. पुढून मारलं तर कचरा आणखी आत बसतो.

रॉकेलचा सल्ला मला सगळ्यात धोकादायक वाटतो. फ्युएल पंपातला प्लंजर (दट्ट्या) आणि बॅरल (त्याची नळी) यांच्यात जागा असते काही मायक्रॉनची आणि तिथे वंगण डिझेलचंच. रॉकेल पातळ, ते घातलं की पंप कोरडा घासतो. एप्रिल 2020 पासून डिझेलमधलं गंधक 10 पीपीएमवर (दहा लाखांत दहा भाग) आलं, त्यासोबत वंगणही गेलं आणि जुने पंप मरतील अशी भीती आहे. पण डिझेलच्या मानकात वंगणाची अटही आहे, त्यासाठी रिफायनरी ॲडिटिव्ह घालते. त्रास झालाच तर जुन्या रबरी सीलना होतो. त्या आकसतात आणि पंप पाझरतो. सील बदला, डिझेलला हात लावू नका.

आणि सकाळी गाडी लागत नसेल तर आधी एअर बघा, म्हणजे डिझेलच्या लाइनीत हवा अडकली आहे का ते. फिल्टरवरचा स्क्रू सैल करा, फीड पंपाचा (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपाचा) हातपंप मारत राहा. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग काचेसारखी सरळ धार. धार आली की स्क्रू आवळा. रोज एअर धरत असेल तर टाकीपासून फीड पंपापर्यंतचे जॉइंट आणि तांब्याचे वॉशर तपासा. तिथून डिझेल गळत नाही, हवा आत ओढली जाते, म्हणून जागा ओली दिसत नाही.

फोर व्हील डांबरी रस्त्यावर लावू नका. मधे डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर) नसलेल्या गाडीत वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगळं अंतर कापतात, तो पीळ शाफ्टवर आणि त्याच्या सांध्यातल्या क्रॉसवर बसतो. ओल्या काळ्या रानात चाक घसरून पीळ सुटतो, डांबरावर सुटत नाही. फोर व्हीलचा लीव्हर अडकलाच तर ओढाताण करू नका, गाडी थोडी रिव्हर्स घ्या, तो आपोआप मोकळा होतो. सगळे टायर एका मापाचे ठेवा.

काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. पहिला संशय एअर फिल्टरवर घ्या. ऑइल बाथ (ऑइलच्या वाटीत धूळ धरणारा फिल्टर) असेल तर वाटी खोला, तळात बोट फिरवा. रानातल्या धुळीत चालणाऱ्या गाडीत महिनाभरात तिथे लोण्याएवढा घट्ट गाळ जमलेला असतो. वाटी धुऊन खुणेपर्यंत नवं ऑइल भरा आणि मग धूर पुन्हा बघा.