ड्रोन 100% स्वदेशी? ग्रुपवर फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

"2022 लाच भारताने परदेशी ड्रोन बंद केले, आता आपले ड्रोन 100% स्वदेशी, तुर्कीचे ड्रोन नुसती खेळणी आणि चीनचा धंदा बसला" असा मेसेज सध्या सोलापुरात सोसायटीच्या ग्रुपपासून टॉवेल कारखानदारांच्या ग्रुपपर्यंत सगळीकडे फिरतोय.

आधी बंदीचं बघू. फेब्रुवारी 2022 मध्ये आयातबंदी आली हे खरंय, पण त्यातच संरक्षण, सुरक्षा आणि संशोधनाला सूट दिलीय, आणि सुट्या पार्टवर बंदीच नाही. म्हणजे लग्नाच्या शूटिंगचा तयार ड्रोन बाहेरून आणता येत नाही, लष्कराला आणता येतो. ऑक्टोबर 2024 ला अमेरिकेकडून 31 एमक्यू-9बी हे मोठे लढाऊ ड्रोन घ्यायचा करार झाला, ते काय आपल्या सोलापूरच्या नवी पेठेतून आणणार होते का?

100% म्हणाल तर नागपूरचं नागास्त्र-1 हे लक्ष्यावर जाऊन आदळणारं आत्मघाती ड्रोन भारीच आहे, पण त्यातही स्वदेशी वाटा 75 टक्क्यांच्या वर असंच सांगितलं जातं, शंभर नाही. स्कायस्ट्रायकर हा तसाच दुसरा आत्मघाती ड्रोन बेंगळुरूत बनतो पण मूळ डिझाइन इस्रायलच्या एल्बिट कंपनीचं. चादर सोलापुरी असली तरी सूत कुठून कुठून येतं, तसंच हे.

आता तुर्की. मे 2025 मध्ये पाकिस्तानने सोडलेले ड्रोन पाडले गेले, आपल्या सरकारने ते प्राथमिक तपासात तुर्कीचे सोनगार असल्याचं सांगितलं, पण सोनगार हा दुसऱ्या कंपनीचा छोटा ड्रोन आहे हो, त्यावरून बायरक्तार टीबी2 या तुर्कीच्या मोठ्या लढाऊ ड्रोनला खेळणं कसं म्हणता? 2020 च्या काराबाख युद्धात अझरबैजानने त्यानेच आर्मेनियाचे रणगाडे फोडले. गंमत म्हणजे त्याचं इंजिन ऑस्ट्रियाचं आणि कॅमेरा कॅनडाचा होता, कॅनडाने कॅमेरा अडवला तर तुर्कीने स्वतःच्या असेलसान कंपनीचा बसवला आणि विक्री चालूच, 2021 ला नाटोतल्या पोलंडनेसुद्धा घेतला. राग असू दे, पण माल विकला जातोय.

आणि चीनचा धंदा बसला म्हणे! क्षेपणास्त्रं आणि मोठे ड्रोन दुसऱ्या देशांना विकण्यावर मर्यादा घालणाऱ्या 1987 च्या क्षेपणास्त्र तंत्रज्ञान व्यवस्थेत चीन नाहीच, त्यामुळे त्यात असलेली अमेरिका ड्रोन विकताना हात आखडता घ्यायची तेव्हा इराक, सौदी, यूएई हे सगळे चिनी ड्रोनकडे वळले. शिवाय मोटर, बॅटरी, थर्मल कॅमेरा यांच्यासाठी अजून अर्धं जग त्यांच्याच दारात उभंय, 2023 ला चीनने काही पार्टच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली तर युक्रेनपर्यंत ओरड झाली. आपल्याकडे फेब्रुवारी 2025 मध्ये चिनी पार्ट निघाले म्हणून लष्कराच्या 400 ड्रोनची ऑर्डर रद्द झाल्याच्या बातम्या आल्या, आणि त्या ऑर्डरी होत्या भारतीय कंपनीकडे.