कार्डिफहून: विसाव्या नंबराची बाजू

लहान मुलांच्या गाण्याच्या कार्यक्रमांचा मोसम आला की पुण्याकडच्या नातेवाइकांत वाद पेटतो. एवढ्याशा जिवांना स्पर्धेत कशाला ढकलायचं, असं एक काका म्हणतात. दुसरे २००९ची लिटिल चॅम्प्स जिंकणाऱ्या आळंदीच्या कार्तिकी गायकवाडचा दाखला देतात. मग मला विचारणा होते, "तुमच्याकडे वेल्समध्ये असलं काही चालत नसेल ना?"

चालतं की! ज्युनिअर युरोव्हिजन ही युरोपातल्या देशांची मुलांची गाण्याची स्पर्धा २००३पासून सुरू आहे. वय ९ ते १४. मात्र आठवड्यागणिक एकेकाला रडवून घरी पाठवत नाहीत. सगळे देश एकाच रात्री गातात. मला हेवा वाटतो तो दुसऱ्याच नियमाचा: गाणं नवं हवं आणि बहुतांशी आपल्या देशाच्या भाषेतलं हवं.

२०१८मध्ये 'एसफोरसी' या वेल्श वाहिनीने बेलारूसमध्ये मिन्स्कला भरलेल्या या स्पर्धेत वेल्श गाणं पाठवलं. २०२१च्या जनगणनेत वेल्समध्ये ही भाषा येणारे ५ लाख ३८ हजार, म्हणजे साधारण कोल्हापूर शहराएवढे. निकाल काय? २० देशांत विसावा नंबर. पुढच्या वर्षी पोलंडमध्ये १९ जणांत अठरावा. तरी दोनदा गेले, हे विशेष. मग कोविड आला आणि वेल्स बाहेर पडलं.

२०२२मध्ये बीबीसी ब्रिटनच्या नावाने उतरली. गाणं इंग्रजी, नंबर पाचवा, ऑनलाइन मतांत तर पहिला. त्यापुढच्या वर्षी चौथा. टाळ्या मीही वाजवल्या. पण वेल्स ब्रिटनचाच भाग आणि ब्रिटनच्या वाट्याला गाणं एकच, त्यामुळे वेल्शला जागा उरली नाही. एवढं यश मिळवून २०२४ला बीबीसीनेही अंग काढून घेतलं. मला तो विसावा नंबरच जास्त मोलाचा वाटतो.

आपण मराठी बोलणारे २०११च्या जनगणनेत ८ कोटींवर. २०२४ला मराठीला अभिजात दर्जाही मिळाला. आपली मुलं अभंग, नाट्यगीत, लावणी गातात, सुरेखच गातात. पण बहुतेक सगळं आजी-आजोबांच्या काळातलं. दहा वर्षांच्या मुलीला कट्यार काळजात घुसल्यासारखं गायला लावायचं आणि वर 'काय समज आहे!' म्हणायचं, हे मला जरा विचित्रच वाटतं.

बालकलाकाराला दिवसाला पाच तासांहून जास्त राबवू नये, असा आपल्याकडे २०१७पासून नियम आहे. तो पाळला जातो का, यावर काकांनी जरूर भांडावं. सोबत वाहिन्यांकडे एक मागणीही करावी: एक फेरी फक्त मुलांसाठी लिहिलेल्या नव्या मराठी गाण्यांची ठेवा. मूळ गायकाशी तुलना करता येणार नाही म्हणून परीक्षक थोडे अडतील. अडू देत.