‘पेन्शनवाल्यांची आशा’ म्हणणाऱ्या वाचकास

महाशय,

‘एक जागरूक गोमंतकीय’ एवढीच सही करून तुम्ही माझ्या मागच्या लेखावर जे लिहिलंत, ते सावकाश वाचलं. सौभाग्यवतींनीही वाचलं. ‘उत्तर देऊ नका, बीपी वाढेल’ असा त्यांचा सल्ला होता. गोळी घेतली आणि लिहायला बसलो.

ज्यांनी तो लेख वाचला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. आमच्या ग्रामसभेत भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या परप्रांतीय मजुरांवरून कडाक्याचं भांडण झालं होतं. ‘ह्यांना गावाबाहेर काढा’ असं सगळ्यात मोठ्याने ओरडणारा जो माणूस होता, त्यानेच त्याच आठवड्यात एका मजुराच्या बाळंतीण होऊ घातलेल्या बायकोला रात्री आपल्या व्हॅनमधून इस्पितळात नेलं. रोजच्या राजकीय बातम्यांनी मन विटून जातं, तेव्हा मला अशा गोष्टी धरून राहाव्याशा वाटतात, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमची प्रतिक्रिया अशी: ‘मास्तर, एका रात्रीच्या व्हॅनने गोवा वाचत नाही. देवळात, चर्चमध्ये आणि दर्ग्यात पक्ष न सोडण्याच्या शपथा घेऊन काँग्रेसचे आठ आमदार पलीकडे गेले, डोंगर कापले जातायत, आणि तुम्ही करुणा वाटत बसलात. गुन्हेगाराचं नाव न घेणारी करुणा सत्तेच्याच सोयीची असते. महिन्याच्या महिन्याला पेन्शन खात्यात पडली की आशा बाळगणं सोपं असतं.’

आधी पेन्शनीचं बोलू.

हो, मला पेन्शन आहे. सरकारी मराठी प्राथमिक शाळेत हयात घालवली, त्याची आहे. कुणाच्या बापाची जमीन रूपांतरित करून मिळवलेली नाही. तिच्यात घर चालतं, औषधं येतात, आणि भाचीच्या लग्नाला आहेर करताना हात आखडता घ्यावा लागतो. पण मुद्दा पैशांचा नाही, तुमच्या त्या ‘सोपं असतं’चा आहे. तुम्ही माझं बँकेचं पासबुक पाहिलं नाहीत, मला ओळखत नाही, आणि तरी माझी आशा कुठून येते याचा निकाल एका वाक्यात लावून मोकळे झालात. आमच्या वर्गात एखादा पोरगा असा उत्तराचा शेवट आधी लिहून मग गणित जुळवायला बसला, की मी त्याला फळ्यापाशी बोलावत असे. तुम्हाला कुठे बोलावणार? तुम्ही नावसुद्धा दिलेलं नाही.

तेव्हा ऐका. माझी आशा हरलेल्यांच्या घरातली आहे.

१६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीनीकरण हवं असेल तर फूल, गोवा वेगळा ठेवायचा असेल तर दोन पानं. आमचं घर फुलाचं. वडील तेव्हाचे विलीनीकरणवादी नेते भाऊसाहेब बांदोडकर यांचे निस्सीम भक्त, त्यांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचा (मगोचा) सिंह दारावर रंगवलेला. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. आमचे शेजारी, ज्यांना आम्ही काका म्हणायचो, ते दोन पानांचे. वडील आणि काका यांच्यात कौलाच्या आधीच अशी वाजली की बोलणं बंद. पुढे निकाल लागला, ३४,०२१ मतांनी फूल हरलं. वडील दोन दिवस जेवले नाहीत. पलीकडे काकांच्या अंगणात फटाके वाजले, तेही आम्ही ऐकले. तुम्हाला वाटत असेल, आता मी सांगणार की काका येऊन वडिलांच्या गळ्यात पडले. नाही पडले. पुढची कित्येक वर्षं दोघांनी एकमेकांशी अवाक्षर काढलं नाही.

पण विहीर एकच होती, दोन्ही घरांच्या मधली. पाणी काढून झालं की काका रोज दोर आपल्या बाजूच्या खुंटीला न अडकवता आमच्या बाजूच्या खुंटीला अडकवून जायचे, म्हणजे आईला त्यांच्या अंगणात पाय ठेवावा लागू नये, मागावं लागू नये. दोराचा ओला वेटोळा, त्याच्या टोकाला काथ्याची गाठ, आणि खाली दगडावर गळालेल्या पाण्याचा डाग. वडील ते बघायचे आणि काही बोलायचे नाहीत. आई मात्र पाणी काढून झाल्यावर तो दोर परत काकांच्या खुंटीला नेऊन अडकवायची. वर्षानुवर्षं हे चाललं. तोवर दोन्ही घरं मतदानाला जात होती, एकमेकांच्या विरोधात मत देऊन परत येत होती. काका अखेरपर्यंत दोन पानांचेच राहिले. वडील अखेरपर्यंत म्हणत राहिले की गोव्याने आत्मघात केला. कुणाचंही मन पालटलं नाही. यात पेन्शन कुठे दिसते तुम्हाला?

पुढचं ऐका. राजभाषा कोकणी की मराठी यावरून आंदोलन पेटलं तेव्हा मी दक्षिण गोव्यातल्या सासष्टीत नोकरीला. १९८६च्या डिसेंबरात रस्त्यांवर झाडं आडवी पडलेली, माणसं मेली. माझे घरमालक कोकणीवाले, मोर्चात पुढे असणारे. भाडं घ्यायला आले की माझ्याशी तावातावाने भांडायचे. मीही कमी नव्हतो. आणि उठताना दारातून सांगायचे, ‘मास्तर, फाल्यां भायर सरूं नाकात, रस्तो बंद आसा.’ म्हणजे उद्या बाहेर पडू नका, रस्ता बंद आहे. १९८७ साली कायदा झाला, कोकणी राजभाषा झाली, मराठीला सरकारी कामकाजात वापराची मुभा मिळाली. आमच्या बाजूने याला तोंडाला पानं पुसणं म्हटलं, त्यांच्या बाजूने मराठीला एवढं तरी का दिलं म्हणून कुरकुर. त्यानंतर २०११ साली इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांनाही अनुदान द्यायचं ठरलं आणि आमचे वर्ग ओस पडत गेले. ज्या शाळेतून मी निवृत्त झालो तिला आज कुलूप आहे. म्हणजे जिथे जिथे मी जीव लावला तिथे तिथे आमची बाजू हरली. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात ना? माझं जळून झालंय. आशा सोपी असते हे मला तुम्ही शिकवू नका.

घरचं अजून एक. २०१२ साली लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्या तेव्हा माझ्या धाकट्या भावाचे ट्रक अंगणात उभे राहिले, बँकेचे हप्ते चालू. पुन्हा सुरू झाल्या म्हणेपर्यंत २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणींची ८८ लीज रद्द केली. डोंगर कापल्याचं दुःख मला आहे, आणि तो डोंगर कापणाऱ्या ट्रकच्या भाड्यावर ज्याची पोरं शिकली तो माझा सख्खा भाऊ आहे. हे दोन्ही एका छातीत घेऊन जगणाऱ्याला ‘गुन्हेगाराचं नाव घ्या’ म्हणून दटावणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं.

आता तुमच्या बाकीच्या मुद्द्यांकडे. लेख लांबला होता आणि व्हॅनवाल्याचं जरा जास्तच कौतुक झालं होतं, हे मान्य. पहिल्या दोन परिच्छेदांत जे तीन ओळींत झालं असतं ते मी पानभर ताणलं. सौभाग्यवतीही तेच म्हणाल्या. एवढं तुमच्या पदरात टाकतो.

पक्षांतराचं म्हणाल तर त्यात नवीन काय सांगितलंत? २०१९ साली काँग्रेसच्या पंधरा आमदारांतले दहा भाजपमध्ये गेले, २०२२ साली अकरातले आठ. दोन्ही वेळा दोन तृतीयांशाचा हिशेब चोख, म्हणजे राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टातल्या पक्षांतरबंदीतून सुटायला पक्ष-विलीनीकरणाची पळवाट मोकळी. हे गोव्यातलं शेंबडं पोर सांगेल. त्या आमदारांवर करुणा करा असं मी कुठल्या ओळीत लिहिलंय ते दाखवा. नाही लिहिलेलं. मग माझ्या गळ्यात ते का बांधता? ‘सत्तेच्याच सोयीची’ वगैरे म्हणणं फार टाळीबाज आहे. सत्तरी तालुक्यातल्या शेळ-मेळावलीच्या बायकांनी जानेवारी २०२१ मध्ये आयआयटीला जमीन देणार नाही म्हणून पोलिसांसमोर रस्ता धरला, अश्रुधूर झेलला, आणि १५ जानेवारीला सरकारला तो प्रकल्प तिथून हलवतो म्हणावं लागलं. त्या बायका संतापलेल्या होत्या, आणि एकमेकींना पाणीही देत होत्या. माणसाच्या एका हातात दगड असला की दुसरा हात लुळाच असतो, असा तुमचा समज दिसतो.

शिवाय ‘करुणा वाटत बसलात’ हे वाक्य. प्रसाद वाटल्यासारखं. तुम्ही सहज लिहून गेलात, पण ती गर्भार बाई मजुराची होती म्हणून तुम्हाला तिची रात्र विनोदाची वाटली का, हे मला खरंच विचारायचंय. दिल्लीहून येऊन डोंगर विकत घेणारा आणि त्याच डोंगरावर घमेलं वाहणारी, दोघंही तुमच्या हिशेबात सारखेच ‘भायले’, म्हणजे बाहेरचे, दिसतात. माझ्या हिशेबात नाहीत. यावर तुमचं मत वेगळं असेल तर तसं सरळ लिहा, आडून नको.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. एकेरीवर आलेली शेवटची ओळ मात्र झाकली आहे, कारण इथे माझे जुने विद्यार्थी येतात आणि त्यातले दोघे-तिघे माझ्यापेक्षा तापट आहेत. नावं घेण्याबद्दल म्हणाल तर ते स्वतंत्र लेखाचं काम आहे. करीन, माझ्या सवडीने करीन, आणि तेव्हा खाली माझं पूर्ण नाव असेल. तुम्ही लिहाल त्या उत्तराखाली तुमचंही असावं, एवढी अपेक्षा फार नसावी.