मुलांच्या दंग्याचा खर्च आधीच ठरवा

पुण्यात माझ्या दादाच्या सोसायटीच्या गेटवर नवा फलक लागला आहे. पार्किंगमध्ये क्रिकेट, सायकल, लपाछपी बंद. नियम मोडल्यास आईवडिलांना दंड. त्यावरून ग्रुपवर जुंपली आहे. एका बाजूचं म्हणणं, गाड्यांना ओरखडे पडतात, काचा फुटतात, दुपारी म्हाताऱ्या माणसांचा डोळा लागत नाही, आणि गाडी मागे घेताना एखादं पोर मध्ये आलं तर जबाबदार कोण? दुसरी बाजू विचारते, मग मुलांनी करायचं काय, मोबाइल घेऊन कोपऱ्यात बसायचं? वहिनी मला सगळे मेसेज पाठवते. माझी दोन मुलं बर्लिनमध्ये वाढताहेत, त्यामुळे "तुमच्याकडे कसं असतं गं?" हा प्रश्न ओघानेच येतो.

इथली माणसं आपल्यापेक्षा सोशिक आहेत, असं उत्तर सगळ्यांना अपेक्षित असतं. तसं नाही. आवाजाचं जर्मन लोक जेवढं मनावर घेतात तेवढं मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता आणि रविवारी दिवसभर शांतता. रविवारी कुणी भिंतीला ड्रिल लावलं की दोन मिनिटांत शेजारी दारात उभा. याच देशात बालवाडीच्या अंगणातल्या कलकलाटाविरुद्ध लोक कोर्टात गेले आहेत आणि जिंकलेही आहेत. म्हणून तर कायदा बदलावा लागला. बर्लिनने २०१० मध्ये आपल्या राज्यापुरता आणि संसदेने २०११ मध्ये देशभरासाठी ठरवलं, की बालवाड्या, क्रीडांगणं आणि चेंडू खेळायच्या जागा इथून येणारा मुलांचा आवाज सर्वसाधारणपणे उपद्रव मानायचा नाही. कारखान्याला लावतात ती डेसिबलची मर्यादा पोरांच्या ओरडण्याला लावायची नाही.

माणसांचा स्वभाव बदलायची वाट कुणी पाहिली नाही. भांडण नेमकं कशावरून होतं ते पाहिलं आणि तेवढं आधीच मिटवून ठेवलं. दादाच्या सोसायटीला इथून काही घेण्यासारखं असेल तर ते एवढंच, असं मला वाटतं.

आमच्या घराजवळच्या क्रीडांगणात हातपंप आहे. पंपाखाली लाकडी पन्हळी, त्यांच्या टोकाला वाळू. उन्हाळ्यात तिथे रोज संध्याकाळी युद्ध चालतं. माझा धाकटा पंपाच्या दांड्याला लोंबकळतो, कारण त्याच्या वजनाने दांडा जेमतेम खाली येतो. थोरली खाली बसून वाळूचं धरण बांधते आणि "थांब, अजून नको सोडू" म्हणून ओरडते. तो ऐकत नाही. धरण फुटतं, पाणी शेजारच्या पोराच्या बोगद्यात घुसतं, तिघं मिळून किंचाळतात, मग तिघं मिळून नवं धरण बांधतात. बाकावर बसलेले आम्ही आईबाप उठत नाही. मुलं चिखलाने माखलेली घरी येतात. पावसाळी दिवशीही हेच चालतं, कारण किटामध्ये, म्हणजे इथल्या बालवाडीत, प्रत्येक मुलाच्या खुंटीला चिखलात लोळायची रबरी विजार आणि गमबूट टांगलेले असतात. पाऊस आहे म्हणून मुलांना आत कोंडलं, तर उलट पालकच विचारतील की आज बाहेर का नाही नेलं.

किटातल्या ताई मुलांना झाडावर चढू देतात, खऱ्या सुरीने काठी तासू देतात. हे धाडस त्यांना परवडतं त्यामागे एक अगदी कोरडी सरकारी तरतूद आहे. १९७१ पासून बालवाडीतली मुलं, शाळकरी विद्यार्थी आणि कॉलेजातले विद्यार्थी सरकारी अपघात विम्याखाली येतात. मूल फांदीवरून पडलं, हात मोडला, तर उपचाराचा खर्च तो विमा करतो. कुणी ताईंच्या अंगावर धावून जात नाही. पुण्यामुंबईतल्या किती शिक्षिकांना मुलांना मोकळं सोडायचं असतं! पण एखादा गुडघा फुटला की पालक दारात येणार, मुख्याध्यापक जाब विचारणार, हे त्यांना पक्कं माहीत असतं. त्यांना भित्र्या म्हणणं अन्यायाचं आहे. जोखमीचा सगळा भार आपण त्यांच्या एकटीच्या खांद्यावर टाकला आहे.

गाड्यांच्या ओरखड्यांचंही तेच. थोरलीने सायकल वळवताना शेजाऱ्यांच्या गाडीवर हँडल घासलं, चांगला वीतभर ओरखडा. शेजारी आले, फोटो काढले, आम्ही विम्याचा क्रमांक दिला. दुसऱ्याचं नुकसान भरून देणारा विमा इथे बहुतेक घरांत असतो. सात वर्षांखालच्या मुलाला कायदा नुकसानीला जबाबदार धरत नाही, त्यामुळे लहान मुलांनी केलेल्या नुकसानीची सोय पॉलिसीत वेगळी मागून घ्यावी लागते. आम्ही घेतली होती. पैसे मिळाले, विषय संपला. पुढच्याच आठवड्यात तेच शेजारी तिच्या सायकलीत हवा भरून देत होते. पैशांचं बोलणं परस्पर झालं नसतं तर आमच्यात अबोला आला असता, याची मला खात्री आहे.

जागेचाही नियम आहे. बर्लिनमध्ये सहापेक्षा जास्त घरांची इमारत बांधायची तर आवारात मुलांसाठी खेळायची जागा करावी लागते: प्रत्येक घरासाठी चार चौरस मीटर आणि एकूण किमान ५० चौरस मीटर. सार्वजनिक क्रीडांगणांसाठी दर रहिवाशामागे एक चौरस मीटर हे शहराचं उद्दिष्ट आहे, ते अजून गाठलेलं नाही, आणि मोडकी घसरगुंडी दुरुस्तीची वाट पाहत महिनोन्‌महिने कुंपणात पडून राहते. शेजाऱ्यांच्या सहनशक्तीलाही मर्यादा मानली आहे. बर्लिनमधल्याच एका भाडेकरूच्या प्रकरणात सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटलं की वरच्या घरातल्या मुलांचा नेहमीचा आवाज सोसायला हवा, पण सोसण्याला सीमा आहे; किती वेळ, कुठल्या वेळी, टाळता येण्याजोगा होता का, हे पाहिलं जाईल. मला हा निकाल पटतो. रात्री साडेनऊला सोफ्यावरून उड्या मारणाऱ्या माझ्या मुलांना मी थांबवलंच पाहिजे.

आता दुसरी बाजू, जी वहिनीला मी नेहमी सांगते आणि तिला ती खरी वाटत नाही. खेळायला जागा आहे, पण माणसं नाहीत. इथे मैत्रिणीकडे खेळायला जायचं तर आईने आईला आठवडाभर आधी मेसेज करायचा, वेळ ठरवायची, सहा वाजता न्यायला यायचं. मुलं शिस्तीत खेळतात आणि शिस्तीत परततात. दादाकडे गेलो की माझी दोघं पहिल्या सकाळीच दार उघडून नाहीशी होतात. दुसऱ्या मजल्यावर एका काकूंकडे पोहे, समोर आजोबांच्या टेबलावर पत्त्यांचा बंगला, मग जिन्यात सगळी टोळी. बेल वाजवून पळायचं मामेभावंडांनीच शिकवलं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना नुसत्या पावलांच्या आवाजावरून कळतं कोण होतं ते, आणि त्या गॅलरीतून नावानिशी हाक मारतात. दिवसभरात चार वेगवेगळ्या मोठ्या माणसांनी रागावलेलं, चार जणांनी खाऊ घातलेलं मूल संध्याकाळी घरी येतं. बर्लिनमध्ये हे मी कितीही पैसे मोजून आणू शकत नाही. त्या जिन्यावर बंदी घातली तर सोसायटीकडे जी गोष्ट आहे आणि आमच्याकडे नाही, तीच जाईल.

आणि जागा नाही, हे मला पूर्णपणे पटत नाही. महाराष्ट्राच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत मोठ्या भूखंडावर दहा टक्के मोकळी जागा सोडावीच लागते. मुंबईच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं की अशी किमान मोकळी जागा जमिनीवर, उघड्या आकाशाखाली हवी, पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या मजल्यांच्या छतावर, दाखवून चालणार नाही. दादाच्या सोसायटीच्या मंजूर नकाशातही अशी जागा आहे. आज तिथे कारंजं आहे, शोभेची झाडं आहेत आणि "हिरवळीवर चालू नये" अशी पाटी. मुलं पार्किंगमध्ये गेली, कारण त्यांची जागा आधी बागेने घेतली.

दंडाचं म्हणाल, तर गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये, म्हणजे त्यांच्या कारभाराच्या नमुना नियमांमध्ये, खेळावरच्या दंडाचा उल्लेख आहे, पण तो आखून दिलेल्या जागेबाहेर खेळलं तर. म्हणजे जागा आधी आखायची, दंड नंतर. ज्या समितीने एक चौकोनही आखला नाही तिने दंड लावणं मला चुकीचं वाटतं, आणि वहिनीने हे सभेत उभं राहून म्हणावं अशी माझी फार इच्छा आहे.

आवाजाबद्दलही बोलायला हवं. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, पण सणासमारंभांसाठी राज्य सरकार वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत रात्री बारापर्यंत सूट देऊ शकतं. मोठ्यांच्या उत्सवाचा आवाज ही समाजाची गरज आहे, हे आपण मान्य केलं आणि त्यासाठी नियमात जागा केली. संध्याकाळी साडेपाचला "आऊट!" म्हणून ओरडणाऱ्या आठ वर्षांच्या पोरासाठीही तशी जागा करता येईल. भारत आणि जर्मनी, दोन्ही देशांनी १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार स्वीकारला, आणि त्याच्या ३१ व्या कलमात मुलांचा खेळण्याचा हक्क लिहिलेला आहे. आपण तो मान्य करून तीन दशकं उलटली.

संस्थांची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. विषयपत्रिकेवर घ्यायचे मुद्दे मी वहिनीला पाठवले आहेत. हिरवळीवरची पाटी काढा आणि तिथे खेळायची जागा आखा. पाच ते साडेसात मुलांची वेळ, तेवढ्या वेळात त्या बाजूने गाड्यांची ये-जा बंद. दुपारी दोन ते चार पूर्ण शांतता, ती मुलांनीही पाळायची. फुटलेल्या काचा आणि ओरखडे यांच्यासाठी देखभाल निधीतून दर वर्षी थोडी रक्कम बाजूला, म्हणजे नुकसान झालं की कुणाच्या दारात जाऊन वाद घालायला नको. आणि जागा आखायच्या दिवशी मुलांना सोबत घ्या. चेंडू कुठल्या खिडकीपर्यंत जातो हे तीच नेमकं दाखवतील. त्या खिडक्यांना जाळी लावायची की जागा दुसऱ्या टोकाला न्यायची, ते मग सभेने ठरवावं.