चव असली की पुरे? काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

'फराळाच्या ऑर्डरची आखणी जुलैपासून' या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा मात्र वही काढून बसले. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. काकांचं म्हणणं असं, की चव चांगली असेल तर गिऱ्हाईक घर विचारत येतं. त्यांच्या आईने वाड्यात राहून वीस वर्षं लोकांना चकल्या-लाडू करून दिले, जाहिरातीवर एक पैसा घातला नाही. मी मात्र घरगुती धंदा करणाऱ्या बायकांना मॉलची विद्या शिकवते आहे: लवकर ऑर्डर द्या, सूट घ्या, आणि तीसुद्धा ऐन पितृपक्षात. वर शेवटचा टोला, 'तुमच्या यादीत कडबोळी नाहीत, त्यावरूनच काय ते समजलो.'

पितृपक्षाचं आधी घेते, कारण तिथे तुमचंच बरोबर आहे. रेटलिस्ट सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पाठवा, असं मी लिहिलं ते गेल्या वर्षीच्या वहीतून उतरवून. २०२५ मध्ये घटस्थापना २२ सप्टेंबरला होती, तेव्हा ते चाललं. यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे सगळंच पुढे गेलंय. २७ सप्टेंबर ते १० ऑक्टोबर पितृपक्ष आहे, आणि त्या पंधरवड्यात लाडवांचे फोटो पाठवले तर आमच्या डोंबिवलीतल्या निम्म्या काकू मला फोन करून झापतील. तेव्हा दुरुस्ती अशी: जुन्या गिऱ्हाइकांना गणपतीतच विचारायचं. १४ सप्टेंबरला चतुर्थी आहे, मोदकांच्या डब्यांसाठी घरोघरी जाणं होतंच, त्याच डब्यात चिठ्ठी टाकायची. बाकीच्यांना घटस्थापनेला, ११ ऑक्टोबरला. मधले पंधरा दिवस गप्प बसून पाकिटं, लेबलं, डाळी निवडणं.

आता चवीचं. काका, तुमच्या आईंनी जाहिरात केली नाही हे मला पटत नाही. वाड्यात भाजणी भाजायला घेतली की वास वरच्या मजल्यापर्यंत जायचा. पाडव्याला झाकलेली ताटं दारोदारी फिरायची, आणि कुणाची चकली खुसखुशीत, कुणाची वातड, याचा निकाल संध्याकाळपर्यंत लागलेला असायचा. ती ताटं म्हणजेच नमुने होते. मी सातव्या मजल्यावर राहते, वास चिमणीतून जातो आणि समोरचं दार दिवसभर बंद असतं. मग वासाचं काम मोबाईलवर करावं लागतं, एवढाच फरक.

पण खरा मुद्दा तो नाहीच. तुम्ही 'मार्केटिंग' म्हणजे जास्त गिऱ्हाईक ओढणं, असं धरून चालला आहात. सुरुवातीला मीही तसंच धरलं होतं. माझ्याकडे दोन बायका, एक मोठी शेगडी, एक कढई. सकाळी नऊला सुरू केलं तर संध्याकाळी सहापर्यंत चकली होते दहा किलो. अकरावा किलो घेतला की काय होतं ते सांगते. सोऱ्या दाबून मनगट भरून येतं, पीठ थोडं सैल भिजवावंसं वाटतं म्हणजे दाब कमी लागतो, आणि मग चकली तेल पिते. शिवाय शेवटच्या दोन घाण्यांना आच मोठी केली जाते, घाई असते ना. वरून लाल, आतून मऊ. दुसऱ्या दिवशी ती चकली पाकिटात बसते आणि चार दिवसांनी फोन येतो, 'यंदा तुमच्या हाताला काय झालं?' म्हणजे चव टिकवायची असेल तर अकरावा किलो दुसऱ्या दिवशी पडला पाहिजे. आणि तो दुसऱ्या दिवशी पडायचा तर त्या माणसाने आधी सांगितलं पाहिजे. माझी सगळी आखणी एवढ्यासाठी आहे. गिऱ्हाईक वाढवण्यापेक्षा ते दिवसांवर पसरवणं.

यंदा हे जास्तच जड जाणार. दसरा २० ऑक्टोबरला, धनत्रयोदशी ६ नोव्हेंबरला, लक्ष्मीपूजन ८ ला. पगार होणार महिन्याच्या शेवटी-सुरुवातीला. म्हणजे लोकांच्या हातात पैसे येतील आणि पाचव्या-सहाव्या दिवशी दिवाळी. सगळे त्याच चार दिवसांत फोन करणार. गेल्या वर्षी लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं, महिन्याच्या उतरणीला, तेव्हा ऑर्डरी लहान आल्या पण पुष्कळ आधीपासून थोड्या थोड्या आल्या. म्हणून मी लिहिलं होतं की निम्मा ॲडव्हान्स ऑक्टोबरच्या पगारातून येईल असं बघा, नोव्हेंबरच्या भरवशावर बसू नका. यात मॉलची विद्या कुठे आहे? किराणावाल्याची वही म्हणा हवं तर.

सूट देण्याबद्दल मात्र माझंच हसू झालेलं आहे, ते लेखात लिहायला हवं होतं. २०२४ ला मी ऑगस्टमध्ये रेटलिस्ट फिरवली, वर दहा टक्के सूट. १४ सप्टेंबरला सरकारने खाद्यतेलावरचं आयातशुल्क वाढवलं. रिफाइंड तेलावर सगळं मिळून १३.७५ टक्के होतं ते ३५.७५ वर गेलं. आमच्या वाण्याने डब्याचा भाव सांगितला तेव्हा मी दुकानातच पायरीवर बसले. भाव वाढवून मागायला तोंड नव्हतं, कारण चिठ्ठीवर माझंच अक्षर होतं. त्या दिवाळीत चकलीवर जवळजवळ फुकट राबले. तेव्हापासून सूट बंद. लवकर सांगणाऱ्याला पैशांऐवजी दिवस निवडायला मिळतो: भाऊबीजेला ताजं हवं की वसुबारसेआधी हवं, ते त्याने ठरवायचं. आणि तळणीचा भाव तेल घरात आल्याशिवाय सांगत नाही. आगाऊ भाव सांगते तो फक्त बेसन आणि रव्याच्या लाडवांचा.

जुलैचंही तेच. 'जुलैत दिवाळी' वाचून तुम्हाला आकाशकंदील दिसला असेल. जुलैत मी फक्त परदेशवाल्यांना विचारते, कारण त्यांचं पार्सल आपल्या हातात नसतं. गेल्या वर्षी अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या मालाची शुल्कमाफी २९ ऑगस्टपासून काढली. आपल्या टपाल खात्याने त्याच सुमारास तिकडची पार्सलं थांबवली, ती पुन्हा सुरू झाली १५ ऑक्टोबरला. दिवाळी सहा दिवसांवर! न्यू जर्सीतल्या लेकीसाठी ज्या आईने जुलैत सांगून ठेवलं होतं, तिच्याशी बसून खासगी कुरिअरचा खर्च काढायला, चिवडा वगळून शंकरपाळे आणि लाडूच पाठवायचे असं ठरवायला तरी वेळ मिळाला. जी सप्टेंबरअखेर आली तिला मी नाही म्हटलं.

एका ठिकाणी तुम्ही लिहिलंय की, 'मोबाईलवर दोनशे जणांना एक मेसेज टाकला की झालं, त्यात कसली आखणी.' झालं नाही ना, काका. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीतला मेसेज ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो. मी दोन वर्षं यादी पाठवून 'लोक उत्तरच देत नाहीत' म्हणून कुढत होते, आणि त्यातल्या कितीतरी जणांना ती गेलेलीच नव्हती. आता डबा देताना दारातच सांगते, माझा नंबर सेव्ह करा. एका घरातल्या मुलाने मला 'चकली इमर्जन्सी' म्हणून सेव्ह केलंय.

आणि हो, ऑर्डर बंद केल्याची पाटी. दहा किलोंचे दिवस भरले की मी स्टेटसला 'यंदाची चकली भरली' असं टाकते. तुम्हाला तो माज वाटला. तुमच्या आईसुद्धा कधीतरी म्हणत असतीलच की, 'आता नाही गं जमायचं, हात दोनच आहेत.' मी तेच म्हणते, फक्त आधी म्हणते, म्हणजे समोरच्याला दुसरीकडे सांगायला वेळ राहतो.

राहता राहिली कडबोळी. तुम्ही बरोबर ओळखलंत, पण मला येत नाहीत म्हणून ती यादीत नाहीत असं नाही. चकलीला सोऱ्या असतो. कडबोळं एकेक हाताने वळायचं, टोकं जुळवून दाबायची, जाडी सारखी ठेवायची. माझ्या दोघींना दिवसभर बसवलं तरी चार किलोंच्या वर होत नाहीत, आणि तो भाव सांगितला तर तुम्हीच दुसरी प्रतिक्रिया लिहाल. तरी दसऱ्याच्या आत कळवलंत तर तुमच्यापुरती अर्धा किलो वळून देईन. भाजणी तुमच्या आईंच्या प्रमाणाची असेल तर ते प्रमाणही पाठवा.

लेखातली सप्टेंबरची ओळ आणि सूट देण्याबद्दलचा परिच्छेद आजच बदलला आहे.